रॉकेलच्या डब्यातलं संत्रं

आमच्या परसात जे झाड आहे ते माझ्या सासऱ्यांच्या बीचं नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आई होती तोवर आईला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या सासऱ्यांना तर नाहीच. त्यांच्या बीचं झाड मी मारलं, तेही लाडानं, आणि त्याच्या जागी दुसरं आणून लावलं. एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं, उठून पाणी प्यालो आणि पुन्हा येऊन बसलो. सगळ्यात जड वाक्य लिहून झालं. पुढचं बरंचसं हसण्यासारखंच आहे.

मी मुरुडचा. बंदरावरच्या कचेरीत कारकून, आणि घरी नारळ-पोफळीची लहानशी वाडी. संस्थान विलीन झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं. मुलगी काटोलकडची, म्हणजे आमच्या आईच्या हिशेबानं जवळजवळ काशीचीच. माझे एक काका रेल्वेत होते, त्यांची बदली तिकडे झालेली, त्यांनी हे स्थळ आणलं. आईला काळजी एकच होती. "समुद्र न बघितलेली पोर. मासळी बघून रडंल." ती रडली नाही. पहिल्याच दिवशी सुपातलं पापलेट उलटंसुलटं करून तिनं गंभीरपणे विचारलं, "ह्याला असं चेपलं कोणी जी?" आई हसता हसता चुलीपाशी खालीच बसली, आणि तेव्हापासून दोघींचं जमलं.

तिच्या वडिलांचा संत्र्यांचा बगीचा होता. तिचं दर तिसरं वाक्य "आमचे बाबा म्हणतात" असं सुरू व्हायचं. झाडाला पाणी कधी द्यावं, बाबा म्हणतात. विळ्याला धार कशी लावावी, बाबा म्हणतात. एकदा आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "काय रे, तुझा सासरा गप कधी बसतो का न्हाय?"

खरं तर सासरे बोलके नव्हते. उंच, काटकुळा माणूस, आणि काटकुळेपणाची सगळी कसर मिशीनं भरून काढलेली. मिशी इतकी भरघोस की पाणी प्यायचं तर ती आधी दोन बोटांनी वर धरावी लागे. त्यांचं एकच एक मत होतं आणि त्या मतापायी त्यांच्या गावात लोक त्यांना हसत. तिकडे संत्र्याचं झाड थेट बीपासून करत नाहीत. जंबेरी म्हणून एक आंबट झाड असतं, त्याचं रोप खाली ठेवतात, त्याला खुंट म्हणतात, आणि त्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. बीपासून केलेलं झाड भरवशाचं नाही, ते खालच्या खुंटावर जातं, आंबट निघतं, नुसते काटे देतं, असं अख्खं गाव म्हणायचं. सासरे म्हणायचे, नाही. संत्र्याच्या एका बीतून पुष्कळदा दोन-तीन कोंब येतात. त्यातला सगळ्यात जोमदार ठेवावा, बाकीचे खुडावेत. जो ठेवला तो थेट आईवर जातो. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. वर्षानुवर्षं उकिडवं बसून रोपांकडे बघत त्यांनी ते ठरवलं होतं.

पहिल्या दिवाळसणाला आम्ही तिकडे गेलो. निघताना त्यांनी विहिरीजवळच्या झाडाच्या संत्र्यांची करंडी बांधून दिली आणि लेकीला सांगितलं, "बी सुकवू नको, पोरी. फळ खाल्लं की ओलीच पेर. सुकलेली बी म्हणजे रुसलेला पाहुणा, उठता उठत नाही. कोंब आले की जोमाचा तेवढा ठेव. फळ गोडच येईल. नाही आलं तर जावईबापूंच्या गावात येईन आणि तिथल्या न्हाव्याकडून ही मिशी उतरवून घेईन."

"बाबा, मिशीवर काहून जाता?" ती म्हणाली.

"मिशीवर नाही गेलो तर जावईबापू सात-आठ वर्षं पाणी घालतील काय?"

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्यात मी कबूल झालो होतो.

घरी आल्यावर बायकोनं रॉकेलचा डबा कापून घेतला, तळाला खिळ्यानं भोकं पाडली, वाडीतली माती आणि शेणखत भरलं आणि पाच बिया पेरल्या. तीन आठवड्यांनी तीन उगवल्या. त्यातल्या एकीतून दोन कोंब आले. ती अख्खी सकाळ डब्यासमोर उकिडवी बसली, थेट बापासारखी, आणि एक कोंब सोडून बाकी सगळे तिनं खुडून टाकले. आई म्हणाली, "अगो, चार होते ते चार राहू दे की. आपलं काय जातंय?" तर उत्तर तयार. बाबा म्हणतात.

आता आमच्याकडचं हवामान. नारळ, पोफळ, आंबा, फणस काय वाटेल ते लावा. पण संत्र्याला थंडी लागते, कोरडी हवा लागते, आणि आमच्याकडे वारा येतो तो समुद्र चाटून येतो. माघ-फाल्गुनात वारा फिरला की ओटीवरचं लोखंडी कुलूपसुद्धा खारट लागतं. रोप वीतभर झालं आणि त्याच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. बायकोचं जेवणावरचं लक्ष उडालं.

शेजारी एक म्हातारे खलाशी राहत. तीस वर्षं आगबोटींवर काढून घरी येऊन बसले होते. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. ते कुंपणावरून डोकावले.

"सूनबाई, रोपट्याला बाहेर काय ठेवतेस? आत घे."

"झाड घरात घेतं का कोणी, चाचा?"

"घेतात. मी डोळ्यांनी पाहिलंय. विलायतेच्या एका बंदरात मी तापानं पडलो आणि आमची बोट मला टाकून गेली. दोन महिने एका म्हातारीच्या खोलीत काढले. बाहेर बर्फ, असा की थुंकलं तर खडा होऊन पडेल. आणि खिडकीत बाईनं संत्रं ठेवलेलं! बीपासून केलेलं. थंडी वाढली की कुंडी शेगडीजवळ, ऊन पडलं की खिडकीत. पोर सांभाळावं तसं."

"फळं लागायची?"

"फळं? छे! बावीस वर्षांत एक नाही."

"मग कशाला ठेवलं होतं बाप्पा?"

"मीही तेच विचारलं, हातवारे करून. तिनं एक पान चुरगाळलं आणि माझ्या नाकाशी धरलं." चाचांनी कुंपणावरचा हात नाकाशी नेला. "अल्लाकसम सूनबाई, तापात मी रडलो."

त्या दिवसापासून आमच्या घरात विलायती रिवाज सुरू झाला. तिथे बर्फापासून जपायचं, इथे वाऱ्यापासून. वारा पश्चिमेचा असला की डबा माजघरात, पडला की ओटीवर, सकाळचं कोवळं ऊन पडवीत. पानावर मीठ बसलं असं वाटलं की ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायचं. उचलायचं काम माझ्याकडे. कचेरीला निघताना डबा बाहेर, आल्यावर डबा आत. आई म्हणायची, "सुनेला पोर व्हायच्या आधी पाळणा हालवायला लागली दोघं." मासळी घेऊन येणारी कोळीण पाटी उतरवायच्या आधी ओटीकडे बघून विचारायची, "डबा आत हाय वाटतं आज? मग धन्याला सांगते, होडी नको काढू." आणि स्वतःच खो खो हसायची.

असं दोन वर्षं चाललं. रोप गुडघ्याएवढं झालं, हिरवंगार, काटेरी. मग बायकोला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात, पौष संपता संपता, पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी निघाली. निघताना तिनं मला स्वतःच्या औषधपाण्याबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. सगळ्या सूचना डब्याच्या. माती बोटानं चाचपून मगच पाणी. पानावर पक्ष्याची शीट दिसली तर नीट बघायचं, ती शीट नसते, अळी असते. वारा. फडकं. "आणि जास्त लाड करू नका," ती म्हणाली. एवढंच मी ऐकलं नाही.

चैत्रात तार आली. मुलगी झाली, दोघी खुशाल. आई तेव्हा रेवदंड्याला मावशीकडे गेलेली, महिनाभर तरी येणार नव्हती. घरात मी एकटा आणि मला मुलगी झालेली! कोणाला सांगू आणि काय करू असं झालं. चाचांना सांगितलं, त्यांनी खजूर दिले. कोळणीला सांगितलं, तिनं फुकट बांगडे दिले. मग मी वाडीत शिरलो. नारळाला खत घालायचे दिवस होते ते. आमच्याकडे नारळाच्या आळ्यात दरसाल सुक्या मासळीचा चुरा आणि खडेमीठ घालतात. मीठ म्हणजे नारळाची ताकद, हे मी रांगत होतो तेव्हापासून ऐकलेलं. वडील तर म्हणायचे, मीठ न घातलेला नारळ आणि मीठ न घातलेली आमटी सारखीच. गोणी उघडली आणि त्या आनंदात प्रत्येक झाडाला मूठभर जास्तच दिलं. माझी मुलगी झाली, तुम्हीही खा. शेवटी हात धुवायला ओटीवर आलो आणि डब्यातलं संत्रं दिसलं. सगळ्यांना गोडधोड आणि ह्या बिचाऱ्याला काहीच नाही?

मी त्याला एक मूठ खडेमीठ दिलं, एक मूठ मासळीचा चुरा दिला, वरून तांब्याभर पाणी घातलं आणि पाठीवर थाप मारावी तसं खोडाला थोपटलं.

कोणी म्हणेल, पानावरचं मीठ दोन वर्षं पुसणाऱ्या माणसाला एवढं कळू नये? नाही कळलं. पानाला मीठ वाईट, मुळाला चांगलं, हे माझ्या डोक्यात इतकं घट्ट होतं की शंका घ्यायला जागाच नव्हती. आमच्या पट्ट्यातल्या कोणत्याही वाडीवाल्यानं हेच केलं असतं. चार दिवसांनी पानांचे शेंडे तपकिरी झाले. मला वाटलं अशक्तपणा. म्हणून आणखी एक मूठ दिली.

दहाव्या दिवशी डब्यात काडी उभी होती. मी माती बदलली, गोडं पाणी घालून घालून डबा धुतला, काडीला नखानं खरवडून आत हिरवं आहे का बघितलं. नव्हतं. मग मी ओटीवर बसलो आणि त्या वेळी मनात जे आलं ते लिहायलाच हवं. सांगावं कसं हे माझ्या मनात आलंच नाही. लपवावं कसं, हेच आलं. डबा मी माजघरात नेला आणि चाचांना, कोळणीला वारा वाईट आहे म्हणून सांगितलं.

रविवारी पहाटे आगरदांड्याहून होडीनं दिघीला उतरलो आणि तिथून थोडं चालत, थोडं बैलगाडीत बसून म्हसळ्याच्या वाटेवरच्या एका गावी गेलो. कचेरीतला एकजण कधीतरी म्हणाला होता की तिथल्या एका म्हातारीच्या अंगणात लिंबाच्या जातीची रोपं उगवून आलीत. म्हातारी भात पाखडत होती.

"संत्र्याचं रोप आहे का?" मी विचारलं.

"संत्रं? न्हाय बाबा. ईडलिंबू हाय. लोणच्याला बेस. कोणाला पायजे?"

"बायकोला."

"पोटुशी हाय?"

"बाळंत झाली."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "आंबट आधी लागतं रे येड्या. नंतर न्हाय."

मी गुडघ्याएवढं, काटेरी, हिरवंगार रोप बघून घेतलं. मला माहीत होतं ते ईडलिंबू आहे. म्हातारीनं मला फसवलं नाही. फळ यायला पाच-सहा वर्षं होती आणि त्या वयात पाच-सहा वर्षं म्हणजे मला जन्मभराची सवड वाटली.

पावसात आगबोटी बंद व्हायच्या आत बायको परत आली. होडीतून उतरताच तिनं मुलगी माझ्या हातात दिली. मुलीनं माझ्याकडे बघून जांभई दिली. घरी आल्यावर पाय धुवायच्या आधी बायको डब्यापाशी गेली.

"बाप्पा! पानं केवढाली झालीत! काय खाऊ घातलं हो?"

आई रेवदंड्याहून आलेली होती. ती दारातूनच म्हणाली, "माझ्या लेकाचा हात लागलाय. नारळवाल्याचा हात हाय तो." कुंपणावरून चाचा म्हणाले, "मला पण पान बदलल्यासारखं वाटतं. बाळंतपण झाडाचं झालं की सूनबाईचं?" सगळे हसले. बायकोनं एक पान चुरगाळून हुंगलं. "वास जरा निराळा येते नाही?" माझं तोंड उघडलेलं होतं. खरंच उघडलेलं होतं. तेवढ्यात चाचा म्हणाले, "समुद्राचा असेल," आणि मुलगी रडायला लागली. मी तोंड मिटलं. त्यानंतर इतकी सोपी वेळ पुन्हा आली नाही.

पुढे झाड डब्यात मावेना, म्हणून ते परसात, घराच्या आडोशाला लावलं. मधल्या काळात मी दोनदा कचेरीच्या मागे गुपचूप संत्र्याच्या बिया पेरल्या. संधी साधून बदलून टाकू असा विचार. पण छातीएवढं झालेलं झाड बदलायचं कसं, ह्याचं उत्तर मला सुचलं नाही, आणि त्या बिया शेवटी एका बकरीनं खाल्ल्या.

मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी झाडाला फुलं आली. घर घमघमलं. बायकोनं त्याच दिवशी वडिलांना पत्र टाकलं. दिवाळी उलटल्यावर फळं पिवळी व्हायला लागली आणि सासरे आले. रेल्वेनं मुंबईपर्यंत ऐटीत. पुढे आगबोटीत समुद्र त्यांना पहिल्यांदा भेटला. होडीतून त्यांना दोघांनी धरून उतरवलं तेव्हा मिशीची दोन्ही टोकं खाली आलेली होती. वाळूवर बसून ते म्हणाले, "जावईबापू, हे एवढं पाणी कोणाच्या उपयोगाचं आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे परसात जमलो. फळं लांबट होती, सालीवर हे एवढाले फोड. आई म्हणाली, "ह्या संत्र्याला देवी येऊन गेल्या वाटतं." बायकोनं तिच्याकडे रागानं पाहिलं. सासऱ्यांनी एक पान चुरगाळून हुंगलं. मग दुसरं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "हे त्याच डब्यातलं ना?"

"डबा तोच, मामाजी," मी म्हणालो.

हे उत्तर मी कितीतरी वेळा आठवलं आहे. एक शब्द खोटा नाही त्यात. कचेरीत इतकी वर्षं कागद रंगवून मला तेवढं येत होतं.

त्यांनी फळ तोडलं, चाकूनं कापलं आणि फोड तोंडात घातली. मिशी आधी वर गेली, मग डावीकडे गेली. डोळे मिटले. त्यांनी फोड गिळली, डोळे पुसले आणि हसायला लागले.

"जंबेरी," ते म्हणाले. "खुंटावर गेलं. बी आईवर नाही, खुंटावर गेलं. गाव म्हणत होतं ते खरं." मग लेकीकडे वळून, "चल पोरी, न्हावी दाखव."

"बाबा, नाही! गंमत होती ती."

"गंमत माझी, मिशीही माझी."

तिनं हात धरला, आई मध्ये पडली, चाचांनी कुंपणावरून सांगितलं की मिशी म्हणजे माणसाचा ऐवज, ती लिंबापायी द्यायची नाही. काही उपयोग झाला नाही. न्हावी आमच्याच आळीतला. त्यानं दोनदा कानाला हात लावले, तिसऱ्यांदा वाटी मागितली. बघायला अर्धी आळी लोटली. कोळीण पाटी डोक्यावर घेऊन उभी होती, ती म्हणाली, "अवो पावनं, अर्धी ठेवा, पुढल्या साली गोड आलं तर?" सासरेच सगळ्यांत मोठ्यांदा हसले. न्हाव्यानं माझ्या हातात आरसा दिला. "जावईबापू, जरा धरा."

मी आरसा धरला. मिशी उतरेपर्यंत धरून ठेवला.

मिशीखाली त्यांचा वरचा ओठ अगदी लहान मुलासारखा होता, गोरा, कोवळा. माझी मुलगी त्यांच्याकडे बघून आईच्या पदरात लपली. त्यांनी चार दिवस राहून वाडी बघितली, पापलेट खाल्लं आणि समुद्राकडे पाठ करून पत्ते खेळले. आगबोटीत चढताना मला म्हणाले, "झाड काढू नका. आंबट असलं तरी तुम्ही जीव लावला त्याला."

महिन्याभरानं पत्र आलं. बायको मोठ्यानं वाचत होती. मिशी नसलेला माणूस स्टेशनातून उतरलेला पाहून गावातले लोक घरी भेटायला आले होते. घरातलं कोणी मोठं गेलं म्हणूनच मिशी काढली असणार. बायका दारात उभ्या राहून डोळे टिपत होत्या. कोण गेलं, कोण गेलं, अशी विचारपूस. सासऱ्यांनी सगळ्यांना ओटीवर बसवलं आणि सांगितलं, "माझं संत्रं गेलं." वाचता वाचता बायको इतकी हसली की आईला पुढचं ऐकू येईना. मग ती एकदम थांबली. पत्राच्या शेवटी दोन ओळी होत्या. बांधाच्या कडेला त्यांनी स्वतः बीपासून केलेली अकरा झाडं होती, आमच्या झाडाच्याच वयाची. एक-दोन वर्षांत फळावर आली असती. ती त्यांनी मुळासकट काढली आणि त्या जागी बांधलेली रोपं लावली.

मी पत्र तिच्या हातातून घेऊन त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या, आणि कचेरीची वेळ झाली म्हणून उठलो.

आमचं झाड मात्र सुखात वाढलं. ईडलिंबाचं बायकोनं जे लोणचं घातलं त्याची कीर्ती रेवदंड्यापर्यंत गेली. मिठात मुरवून, मिरची, मेथी आणि थोडा गूळ. तो गूळ वैदर्भी. कोळणी मासळीच्या बदल्यात फळं नेऊ लागल्या. तळलेल्या बोंबलावर पिळायला त्याच्यासारखं काही नाही म्हणतात. चाचा आजारी पडले तेव्हा शेवटी शेवटी त्यांना फक्त त्या झाडाचं पान लागायचं. बायको रोज सकाळी एक पान खुडून, चुरगाळून त्यांच्या उशाशी ठेवून यायची. आळीत त्याला अजून "नागपूरवालीचं संत्रं" म्हणतात. मुलांनी कुठेही काही आंबट खाल्लं की ती म्हणतात, आजोबांचं संत्रं. घरभर हसू. मीही हसतो.

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. बायको "आमचे बाबा म्हणतात" असं म्हणायची थांबली होती. भांडून नाही, रागावून नाही. आता ती पाणी कधी द्यायचं ते चाचांना विचारायची, पुढे मला विचारायला लागली. मला! सासरे वारले तेव्हा आम्ही दोघं तिकडे गेलो होतो. परतताना ती इतकंच म्हणाली, "बाबांचं सगळं पटायचं मला. एवढं एक चुकलं त्यांचं."

दोन वर्षांपूर्वी शेतकी खात्यातला एक माणूस काही कामासाठी बंदरावर आला होता. मी त्याला चहा पाजला आणि सहज विचारावं तसं विचारलं, संत्र्याच्या बीतून जोमदार कोंब ठेवला तर तो आईवर जातो, असं एकजण म्हणायचे, ते खरं का? तो म्हणाला, "बहुतेक वेळा जातो. आता हे पुस्तकातसुद्धा आलंय. कोण म्हणायचे?" मी म्हटलं, आमच्या ओळखीचे एक गृहस्थ. तो म्हणाला, "हुशार माणूस असणार."

तरी मी घरी येऊन गप्प राहिलो. ह्या हिवाळ्यात मुलीनं, त्याच तारेतल्या मुलीनं, ती आता कॉलेजात आहे, संत्रं खाता खाता दोन बिया बाजूला काढल्या आणि विचारलं, डबा आहे का एखादा? बायको भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "नको पेरू. आजोबांनी पण पेरल्या होत्या. त्यांचंसुद्धा खरं नाही झालं, आपलं काय होईल?" मुलीनं बिया सालींबरोबर टाकून दिल्या.

सासऱ्यांचं देणं आता फिटायचं नाही. ते फेडायला मिशीही उरली नाही आणि ती अकरा झाडंही. बायकोचं आहे. हे छापून तिच्या हातात पडायच्या आधी मी तिच्यासमोर बसून माझ्या तोंडानं सांगायचं आहे, की झाड मी मारलं आणि तुझे वडील चुकले नव्हते. ते मी अजून सांगितलेलं नाही.